मांडणीवरून माळ्यावर

भाईंदर पूर्वेला नवघर, गोडदेवच्या अंगाने आत शिरलं की रस्त्याचा आवाज बदलतो. रिक्षांचे हॉर्न मागे पडतात आणि पत्र्यावर पत्रा आपटल्याचा, प्रेस खाली आल्याचा, मोटारींच्या अखंड घरघरीचा आवाज कानावर येऊ लागतो. इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यागाळ्यांतून इथे स्टीलची भांडी होतात. मुंबईची बाजारपेठ हाताशी आणि जागा मुंबईपेक्षा स्वस्त, म्हणून हा धंदा इथे रुजला आणि भाईंदरचं नाव भांड्यांच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी दूरदूर गेलं.

मोठ्या पत्र्यातून आधी गोल चकत्या कापतात. त्यांना इथे सर्कल म्हणतात. सर्कल प्रेसखाली गेलं की त्याला वाटीचा, डब्याचा, टोपाचा आकार येतो. दाबाने धातू कडक होतो, त्यामुळे खोल भांडं एका दमात होत नाही. मध्येच भट्टीत तापवून ते नरम करायचं आणि पुन्हा प्रेसखाली घालायचं. मग कडा कापायच्या, वळवायच्या, भांडं तेजाबात धुवायचं आणि शेवटी पॉलिश. पॉलिशवाला गरगर फिरणाऱ्या चाकावर भांडं दोन्ही हातांनी दाबून धरतो. काळा धुरळा उडतो तो त्याच्या कपाळावर, पापण्यांवर, तोंडाला बांधलेल्या फडक्यावर बसतो. हातातली वाटी उजळत जाते तसतसा धरणारा माणूस काळा होत जातो. एक वाटी बाजूला पडते, लगेच दुसरी हातात येते.

हा लखलखाट मराठी घराला एके काळी किती हवासा होता आणि मग तोच कसा नकोसा झाला, हे माझ्या पिढीने डोळ्यांदेखत पाहिलं. माणसं एखादी गोष्ट डोक्यावर का घेतात आणि काही वर्षांनी तिच्याकडे पाठ का फिरवतात, याचा विचार करायला मला कपड्यांच्या दुकानात जावंसं वाटत नाही. स्वयंपाकघर पुरेसं आहे.

स्टीलच्या आधी तांब्या-पितळेचं राज्य होतं. भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं, नाशिकची भांडी तर घरोघरी. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत ठोक्यांचा आवाज थांबत नसे, आणि मुंबईत तांबाकाट्याच्या बाजारात लग्नघरांची झुंबड उडे. घंगाळ, बंब, हंडे, कळशा, पराती, तपेली, ओगराळी ही सगळी भांडी देखणी होती यात शंका नाही. पण त्यांच्या देखणेपणाचा हिशेब घासणाऱ्या हातांकडे मागायला हवा. चिंच, राख आणि नारळाची शेंडी घेऊन मोरीत उकिडवं बसायचं, आणि थंडीत बोटांना भेगा पडल्या तरी हंडा घासल्याशिवाय उठायचं नाही. आतली कल्हई उडाली की ताक कळकायचं, आंबट पदार्थ ठेवायची सोय राहायची नाही. मग कल्हईवाल्याची वाट पाहायची. तो आला की अंगणात खळगा करून भाता जोडायचा, भांडं निखाऱ्यांवर तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा. पांढरा धूर उठायचा. त्या धुरातच कथलाची कांडी तो आत टेकवायचा, कापसाच्या बोळ्याने एक हात फिरवायचा आणि काळवंडलेलं पातेलं आतून लख्ख पांढरं व्हायचं. आम्ही मुलं भोवती कोंडाळं करून ती जादू पाहत असू. आमच्या आयांना त्यात जादू दिसत नसे. दोन-चार महिन्यांनी हे सगळं पुन्हा करावं लागणार, एवढंच त्यांना दिसे.

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये क्रोमियम घातलेलं, गंज न धरणारं पोलाद तयार केलं. या पोलादातल्या क्रोमियमचा हवेशी संयोग होतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा एक पातळ थर धरतो. ओरखडा पडला तरी तो थर आपोआप पुन्हा धरतो. भारतातल्या बाईसाठी या रसायनशास्त्राचा अर्थ साधा होता. कल्हई नको आणि चिंचही नको. आमसुलाचं सार, चिंच-गुळाची आमटी, विरजण लावलेलं दूध, काहीही खुशाल ठेवा. सुरुवातीला हा पत्रा परदेशातून येई आणि भांडी महाग असत. ती पाहुण्यांसाठी कपाटात राहत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या सेलमच्या सरकारी कारखान्यातून पत्रा निघू लागला, खासगी कारखानेही वाढले, भाईंदरसारख्या ठिकाणी गाळ्यागाळ्यांत प्रेस बसले आणि स्टील गिरणी कामगाराच्या खोलीपर्यंत पोचलं.

मग जे झालं त्याला लाटच म्हणायला हवं. घरोघरचे हंडे-कळशा मोडीत निघाल्या. आजीच्या माहेरचं घंगाळ किलोच्या भावाने तराजूत पडलं आणि त्याच्या बदल्यात चकचकीत डब्यांची उतरंड घरी आली. दुपारच्या वेळी बोहारीण दारात टोपली उतरवायची आणि दोन जुन्या साड्या, एक पँट यांवर एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस चालायची. रुखवतात स्टीलचं पिंप नसेल तर वरपक्षाच्या बायका एकमेकींकडे पाहायच्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्या लुटल्या जायच्या, आणि त्याच महिन्यात शेजारणीकडून तसल्याच वाट्या वाण म्हणून परत घरी यायच्या. या सगळ्याचं देवघर म्हणजे मांडणी. स्वयंपाकघरात शिरल्याबरोबर समोर दिसेल अशा भिंतीवर ती ठोकलेली असे. ताटं उभी, वाट्या पालथ्या, पेले ओळीने, आणि सगळ्यांत वर लहान-मोठ्या डब्यांची रांग. एका खोलीच्या संसारात भिंतीवर लावायला चित्र नसे. मांडणी हेच चित्र होतं.

आणि प्रत्येक भांड्यावर नाव. दुकानात एक मुलगा विजेचं पेन घेऊन बसलेला असे. त्या पेनाचं टोक थरथरत भांड्यावर फिरे आणि टिंबाटिंबांची अक्षरं उमटत. आमच्या घरी अजून एक डबा आहे, त्यावर ‘चि. सौ. कां. सुमन हिस आत्याकडून सप्रेम’ असं कोरलंय आणि खाली तारीख, साल १९७८. डब्याला एका बाजूने पोचा आलाय आणि झाकण जरा जोर लावूनच बसतं. पण टिंबं बोटाला अजून लागतात. आत्या गेल्या, चि. सौ. कां. सुमनच्या डोक्यावरचे केस पांढरे झाले, आणि डब्यात अजून पोहे राहतात.

स्टील आपण का उचलून धरलं याची तीन कारणं मला दिसतात आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. हातांना त्याने खरोखर सुख दिलं. डोळ्यांना दिमाख दिला. आणि सगळ्यांत खोलवरचं म्हणजे त्याने सोबत दिली. चाळीतल्या चारही बिऱ्हाडांत स्टील आलं आणि आपल्याकडे आलं नाही, तर आपण मागे राहिलो, आपलं काही चुकतंय, ही रुखरुख मन खात राहते. ती रुखरुख भांडं घेतल्याने शमते. माणूस वस्तू घेतो तेव्हा पुष्कळदा चारचौघांतली आपली जागाही घेत असतो. त्याला उथळपणा म्हणून हिणवणं मला पटत नाही. गावाकडचं सगळं सोडून एका खोलीत संसार मांडणाऱ्या बाईला त्या जागेची फार गरज होती.

जर्मन विचारवंत गेऑर्ग झिमेल यांनी १९०४ मध्ये फॅशनवर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी मांडलेली गोष्ट आजही तंतोतंत लागू पडते. माणसाला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या असतात, चारचौघांत मिसळून जाणं आणि चारचौघांत उठून दिसणं. फॅशन या दोन्ही भुका एकदम भागवते. आपल्यासारख्यांमध्ये ती आपल्याला मिसळवते आणि बाकीच्यांपासून वेगळं काढते. पण तिच्या यशातच तिचा शेवट असतो. ती सगळ्यांपर्यंत पोचली की वेगळं काढायला कुणी उरतच नाही. वरच्यांकडे काही नवं येतं, खालचे ते उचलतात, आणि खालच्यांनी उचललं की वरचे ते टाकतात.

आमच्याकडेही हेच झालं. लग्नाच्या आहेरात एकाच मापाचे सहा लेमन सेट येऊ लागले. ते माळ्यावर गेले आणि दुसऱ्याच्या लग्नात आहेर म्हणून खाली उतरले. निमंत्रणपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापून येऊ लागलं. धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईच्या झोपडीतही लखलखीत मांडणी दिसली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत मध्यमवर्गीय घरातली मांडणी भिंतीवरून उतरली. भाईंदरशेजारच्या मीरा रोडला शांतीनगर वसाहतीच्या मागोमाग नवी संकुलं उभी राहिली, तिथल्या फ्लॅटमध्ये ओट्याखाली ट्रॉल्या आल्या. भांडी दिसायची बंद झाली. जी वस्तू दिसतच नाही तिचा दिमाख कुठून राहणार? पाहुण्यांसाठी मेलामाइन आलं, मग काचेचे डिनर सेट. स्टीलच्या ताटात जेवायला वाढणं हे घरातल्या माणसांपुरतं उरलं.

या पाठ फिरवण्यात सगळंच खोटं होतं असं मात्र म्हणता येणार नाही. मायक्रोवेव्ह आला, त्यात स्टील चालत नाही. शिवाय स्टीलचा खप वाढला तसा त्याचा कसही उतरला. चांगल्या भांड्याच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेल महाग, म्हणून ते कमी करून मँगनीज घातलेलं स्वस्त स्टील भांड्यांत सर्रास वापरलं जाऊ लागलं. पत्रा पातळ झाला. दुकानात लोहचुंबक लावून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला हा फरक कळत नाही, कारण ही दोन्ही स्टीलं चुंबकाला सहसा चिकटत नाहीत. ‘पूर्वीसारखं स्टील राहिलं नाही’ ही आईची तक्रार नुसत्या म्हातारपणाची नव्हती. एखादी गोष्ट सगळ्यांना हवी झाली की बनवणारे ती पातळ करतात. पातळ झाली की ती मनातून उतरते. लोकांची चंचल वृत्ती म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो, त्यात फसवणूक झाल्याचा रागही मिसळलेला असतो.

आणि मग पितळ परत आलं. मोडीत घातलेलंच घंगाळ आता टॉवरच्या लॉबीत आणि लग्नाच्या हॉलच्या दारात दिसतं. त्यात पाणी असतं, पाण्यावर पाकळ्या तरंगत असतात. तांब्याच्या बाटल्या ऑफिसच्या टेबलांवर आल्या. तांबटांचं मठारकाम केलेली भांडी दिवाणखान्यात मानाने बसली. देवघरातून तांबं-पितळ कधी गेलंच नव्हतं. स्टीलची लाट ऐन भरात असतानाही ताम्हण आणि पळी-पंचपात्री जागच्या हलल्या नव्हत्या. आता ते तांबं-पितळ बाहेर येऊन शोभेचं झालं. मला त्याचा आनंद आहे. हातोडीच्या ठोक्यांनी घडलेली वस्तू पाहिली की मन निवतं, आणि ती घडवणाऱ्या हातांना काम मिळालं ही चांगलीच गोष्ट आहे. पण माझ्या इमारतीत कामाला येणारी ताई एका घरी शांतपणे सांगून आली, ‘ताई, पितळेचं तेवढं तुमचं तुम्ही घासा. माझे हात खराब होतात.’ ते मला विसरता येत नाही. तिच्या आजीने जे सोसलं ते तिने नाकारलं. स्टीलची लाट का आली होती, याचं इतकं नेमकं उत्तर झिमेल यांच्या निबंधातही नाही.

भांड्यांवरच्या नावांची गोष्टही अशीच आहे. जुन्या भांड्यांवर शकुंतला, कुसुम, सुमन अशी नावं भेटतात. पुढच्या भांड्यांवर संगीता आणि सुनीता, त्यानंतर स्वाती आणि अश्विनी, मग सायली. आज नाव घालायची पद्धत राहिली असती तर आर्या आणि स्वरा भेटल्या असत्या. नाव ठेवण्यावरून कुणाला पैसे मिळत नाहीत, त्याची जाहिरात नसते, सेल नसतो. तरी नावांनाही भरती-ओहोटी असते. जोना बर्गर आणि गाएल ल मेन्स या अभ्यासकांनी फ्रान्स आणि अमेरिकेतल्या शंभरेक वर्षांच्या नावांच्या नोंदी तपासून २००९ मध्ये एक निष्कर्ष मांडला. जे नाव झपाट्याने चढतं ते तितक्याच झपाट्याने उतरतं. आईबापांना वाटतं की हे नाव चार दिवसांचं आहे, आणि त्या वाटण्यामुळेच ते चार दिवसांचं ठरतं. नव्याचे नऊ दिवस असं आपली म्हण सांगते. या अभ्यासाने त्यात एक भर घातली. ते नऊ दिवस किती लवकर सरणार हे पहिल्या दिवसाच्या गर्दीवर ठरतं. हळूहळू आलेली गोष्ट हळूहळू जाते, आणि कधी कधी जातच नाही.

भाईंदरला भांड्यांच्याही आधी मिठाने ओळख दिली. मीरा रोड सोडून गाडी भाईंदरकडे निघाली की रुळांच्या बाजूला मिठागरांचे चौकोन दिसत. या भागातल्या आगरी माणसांच्या पिढ्या मिठागरांत राबल्या. खाडीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, बसलेलं मीठ ओढून ढीग करायचे, आणि सगळी कमाई पहिल्या मोठ्या पावसाच्या आत पदरात पाडून घ्यायची. ते खडे मीठ घरोघरी चिनी मातीच्या बरणीत असे. मग १९८३ मध्ये टाटांचं पिशवीबंद, आयोडीनयुक्त मीठ आलं. पांढरंशुभ्र, बारीक, पावसाळ्यातही सुटं राहणारं. खडे मीठ गावंढळ ठरलं. २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकायला देशभर बंदी आली. आणि आज त्याच घरांत गुलाबी सैंधव आणि ‘नैसर्गिक’ समुद्री मीठ कित्येक पट दराने येतं. पिशवीतलं मीठ कृत्रिम, म्हणून वाईट, असं सांगणारे संदेश फोनवर फिरतात.

इथे मला थांबून ठामपणे बोलावंसं वाटतं. मिठात आयोडीन घालण्याला कारण होतं. देशातल्या फार मोठ्या भागात जमिनीतच आयोडीन कमी. त्यामुळे गळ्याला गलगंड यायचा, आणि गरोदर बाईला आयोडीन कमी पडलं तर पोटातल्या मुलाच्या मेंदूची वाढ खुंटायची. सरकारने १९६२ मध्ये गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला तो यासाठी. गलगंड डोळ्यांआड झाला आणि आपण त्याचं कारण विसरलो. जी गोष्ट आपलं काम चोख करते तिचं काम दिसेनासं होतं, आणि काम दिसेनासं झालं की ती गोष्ट निरुपयोगी वाटू लागते. लाटेच्या विरुद्ध जाणाऱ्याला आपण स्वतंत्र बुद्धीने वागतोय असं वाटतं. पण विरुद्ध जाण्याचीही लाट असते, आणि तिच्यात वाहणाऱ्यांची संख्या काही कमी नसते. हवं तर सैंधव चवीला ठेवावं. रोजच्या भाजी-आमटीतलं आयोडीन मात्र घरातल्या लेकरांसाठी सोडू नये.

शहरांचंही असंच असतं. गिरगाव, परळ, दादरच्या चाळींतून माणसं मीरा रोडला आली ती दोन खोल्या, स्वतंत्र संडास आणि खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यासाठी. १९८५ मध्ये मीरा-भाईंदरची नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आसपास होती, दहा वर्षांनी ती आठ लाखांवर गेली. आधी आलेली माणसं आता म्हणतात, ‘मीरा रोडला राम राहिला नाही, फार गर्दी झाली.’ त्यांचं खरंच आहे. लोकलच्या दारात लटकणाऱ्या माणसाला गर्दीचं तत्त्वज्ञान ऐकवू नये. पण जे घर आपण घेतलं तेच नंतरच्यानेही घ्यावं, आणि त्याच कारणासाठी घ्यावं, हे त्याच्या बाजूने तितकंच खरं आहे. लाटेवरचा आपला राग पुष्कळदा आपल्या मागून आलेल्या माणसांवरचा राग असतो. वस्तू होती तशीच असते, जागाही बव्हंशी तशीच असते. तिच्याभोवतीची माणसं बदललेली असतात. म्हणून एखादी गोष्ट मनातून उतरली की मी स्वतःला विचारते, ती वाईट झाली म्हणून उतरली, की ती ज्यांच्या हातात गेली त्यांच्याशी मला नातं सांगायचं नाही म्हणून? पहिलं कारण रास्त आहे. दुसऱ्याची मला लाज वाटावी, असं मला वाटतं.

ज्या स्टीलला आपण ओट्याखाली ढकललं त्याचीच लाट पुढे अमेरिकेत उसळली. विल्यम स्टॅनली यांनी १९१३ मध्ये, म्हणजे ब्रिअर्ली यांच्या पोलादाच्याच वर्षी, संपूर्ण पोलादी थर्मास बनवला. त्यांच्या नावाची कंपनी शंभर वर्षं कामगारांना आणि रानावनात फिरणाऱ्यांना थर्मास विकत होती. तिच्या सव्वा लिटरच्या, दांडीवाल्या स्टीलच्या पेल्याने अचानक बायका-मुलींना वेड लावलं. २०१९ मध्ये कंपनीची विक्री सुमारे ७ कोटी डॉलर होती, ती २०२३ मध्ये सुमारे ७५ कोटींवर गेली. २०२४ च्या जानेवारीत गुलाबी पेल्यासाठी दुकानांबाहेर रांगा लागल्या, धक्काबुक्की झाली. आणि त्याच महिन्यात पेल्याच्या बुडाच्या आतल्या जोडात शिसं असल्याची चर्चा उठली. एकेका घरात रंगारंगांचे पेले रांगेने मांडलेले पाहून लोक नाक मुरडू लागले. कालपर्यंत जी मुलगी पेला नाही म्हणून शाळेत वेगळी पडत होती, ती आता पेला आहे म्हणून वेगळी पडू लागली. चाळीतली मांडणी आणि तिकडच्या फळीवरचे ते पेले यांत समुद्राचं अंतर आहे, मनाचं नाही.

बिहारमधल्या खगौलचे कलावंत सुबोध गुप्ता यांनी याच आपल्या स्टीलच्या ताट-वाट्या, डबे, बादल्या जोडून प्रचंड शिल्पं उभी केली. २००६ सालची त्यांची भांड्यांची मानवी कवटी युरोपात नावाजली गेली आणि व्हेनिसमध्ये लोकांनी ती माना वर करून पाहिली. जी वाटी आमच्या डोळ्यांना दिसेनाशी झाली होती ती त्यांना दिसली. सवयीने मेलेली वस्तू पुन्हा दाखवणं हे कलेचं काम आहे, आणि ते काम घरातही थोडंफार करता येतं.

आपल्या कौतुकाचे आणि तिरस्काराचे दिवस पार करून स्टील अजून घरात आहेच. कणीक त्याच्या परातीत मळली जाते, डाळ-तांदूळ त्याच्या डब्यात राहतात, मुलांचा डबा त्याचाच असतो. कुणी त्याचं कौतुक करत नाही, कुणी त्याला हिणवतही नाही. माझ्या मते वस्तूचं खरं आयुष्य इथून सुरू होतं. लाटेवर असताना ती माणसामाणसांतल्या चढाओढीची असते, आणि लाट फिरल्यावरही ती चढाओढीचीच असते. दोन्ही गोंगाट संपल्यावर, तिने कुणाचं काम हलकं केलं एवढाच हिशेब उरतो. ज्यांनी हात हलके केले त्या वस्तू टिकल्या. त्याचबरोबर ती बनवताना कुणाच्या छातीत काळी धूळ गेली, हाही हिशेब मांडायला हवा, आणि तो स्टीलचा असो, तांब्याचा असो की अमेरिकेतल्या पेल्याचा, कुठल्याच लाटेत कुणी फारसा मांडत नाही. मला नव्याचं वावडं नाही, जुन्याचं वेड नाही. मला हा हिशेब हवा आहे.

माझ्या भाचीने लग्नानंतर मीरा रोडच्या कनकिया भागात भाड्याने घर घेतलं. संसार मांडायचा म्हणून ती यादी घेऊन माझ्याकडे आली. बिडाचा तवा, स्टीलचे डबे, कुकर असं सगळं लिहिलेलं होतं, आणि शेवटी पितळेचं मोठं पातेलं, पुढे प्रश्नचिन्ह.

‘मावशी, हल्ली सगळ्या घेतायत. घेऊ का?’

‘घे की. छानच दिसतं. कल्हई आहे ना आतून, ते बघून घे. पण ते घासणार कोण, हे आधी ठरव.’

ती गप्प राहिली. तिचा नवरा शेजारीच बसला होता. ‘मी घासेन,’ तो म्हणाला. ‘आमच्या आजीकडे लहानपणी चिंच लावून घासलीयत मी भांडी. जमतं मला.’

मग मी पायांत चपला सरकवल्या आणि त्या दोघांना घेऊन भांड्यांच्या दुकानात गेले.